ग्रंथपालांचे तेवीस पाठ

अनेकांनी मिळून नोंदी, छायाचित्रे व पुस्तकांच्या याद्या ठेवाव्यात अशी साधने इंटरनेटवर आली, तेव्हा ती शिकावी कशी, हा प्रश्न ग्रंथालयांनाही पडला. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट येथील सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ साली त्याचे एक सुंदर उत्तर दिले. तेथील हेलेन ब्लोअर्स यांनी सहकाऱ्यांसाठी तेवीस छोटे पाठ आखले. व्याख्यान नाही, परीक्षा नाही. प्रत्येकाने आपला ब्लॉग उघडावा, हवे तर टोपणनावाने, आणि एकेक साधन हाताळून काय जमले, काय जमले नाही, ते त्यात लिहावे. मुदतीत पाठ पुरे करणाऱ्यांना गाणी ऐकण्याचे लहानसे यंत्र बक्षीस होते. प्रौढांना असे आमिष दाखवणे काहींना बालिश वाटेल. पण पुढे अनेक देशांतील ग्रंथालयांनी हा अभ्यासक्रम उचलला.

त्यातील मर्म असे की, साधन प्रथम स्वतःसाठी वापरावयाचे, मग संस्थेसाठी. ज्याने घरातील शंभर पुस्तकांची यादी केली, त्यालाच वाचकाची अडचण कळते.

यासाठी लायब्ररीथिंग हे साधन घेऊ. टिम स्पॉल्डिंग यांनी ते २००५ साली सुरू केले. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक घातला की मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींतून नोंद आपोआप येते. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतो. ती हातानेच नोंदवावी लागतात. श्रम आहेत, पण खरा लाभही तेथेच आहे, कारण प्रत्येक नोंदीस आपण 'टॅग' म्हणजे ओळखशब्द जोडू शकतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' कोठे ठेवावे? आत्मचरित्रांत ठेवले, तर स्त्रियांचे लेखन शोधणाऱ्यास ते सापडत नाही. ख्रिस्ती वाङ्मयात ठेवले, तर मराठी गद्याचा अभ्यासक त्या फडताळाकडे फिरकतच नाही. रंगनाथन यांनी १९३३ च्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे अनेक पैलू एकाच वर्गांकात गुंफले खरे. तरी पुस्तक शेवटी एकाच जागी उभे राहते. ओळखशब्द मात्र चार देता येतात: आत्मचरित्र, स्त्रीलेखन, ख्रिस्ती समाज, नाशिक.

येथे एक सावधगिरी हवी. एकाने 'रेव्हरंड' लिहिले व दुसऱ्याने 'रेव्ह.', एकाने 'आत्मचरित्र' व दुसऱ्याने 'आत्मकथा', तर शोध दोन वाटांना जातो. म्हणून संस्थेत पन्नासएक शब्दांची यादी आधी ठरवावी. घरच्या यादीत हवे तसे लिहावे. ओळखशब्दांनी वर्गीकरण बाद होते, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही; फडताळाला वर्गांक लागतोच.

अनोळखी वाचकांची मदत किती मोलाची ठरते, हे २००८ साली दिसले. त्या जानेवारीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे फ्लिकरवर ठेवली. लोकांनी त्यांतील ठिकाणे व माणसे ओळखून दिली, आणि पडताळणीनंतर त्यांपैकी काही माहिती ग्रंथालयाच्या मूळ नोंदींत गेली.

परंतु तेव्हा शिकवलेल्या साधनांपैकी कित्येक आज उरलेली नाहीत. दुव्यांचा संग्रह ठेवणारे डिलिशस २०१७ पासून नव्या नोंदी घेईनासे झाले. गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद पडले. फ्लिकरने २०१८ साली विनामूल्य खात्यांना एक हजार चित्रांची मर्यादा जाहीर केली. मग एखाद्या संस्थेने वर्षभर बसून लिहिलेल्या नोंदींचे काय? लायब्ररीथिंगमधून आपली सर्व यादी फाइलरूपाने उतरवून घेता येते. दर महिन्यास ती उतरवावी व एक प्रत दुसऱ्या संगणकावर, जमल्यास दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

आणि कोणी कोणते पुस्तक नेले, ही वही मात्र अशा उघड्या साधनावर कधीही चढवू नये. दारूच्या व्यसनावरचे किंवा विवाहातील कलहावरचे पुस्तक नेणारा सभासद ग्रंथपालाच्या भरवशावर ते नेतो. लहान मंडळीत तर नावाची आद्याक्षरेही पुरतात.