हमीमुदतीतील अवजार : कारागिराचा हक्क आणि कागदाचे बळ

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील सुतार, गवंडी, फरशी बसविणारे आणि वीजजोडणी करणारे कारागीर आज हातअवजारांच्या जोडीला विजेची अवजारे वापरतात. ड्रिल मशीन, कटर, ग्राइंडर ही त्यांची नित्याची साधने होत. मुखेड किंवा निलंगा तालुक्यातील एखाद्या सुताराचे नवे ड्रिल मशीन दोन महिन्यांतच बंद पडले, तर प्रश्न केवळ यंत्राच्या किमतीचा राहत नाही. अंगावर घेतलेले काम अडते आणि रोजी बुडते. अशा वेळी दुकानदार कंपनीकडे बोट दाखवितो, तर सेवा केंद्रात ‘धंद्यासाठी वापरले, म्हणून दाद मागता येणार नाही’ असे उत्तर मिळते. हे उत्तर कितपत खरे आहे, हे गावातील जाणत्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कारागीर हा ग्राहकच

ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ याची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली असून नवा कायदा जुलै २०२० पासून अंमलात आला आहे. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. तथापि, केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणाऱ्यास हा अपवाद लागू नाही. तसे स्पष्टीकरण १९९३ मध्ये कायद्यात घालण्यात आले.

या तरतुदीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात विशद केला. महाराष्ट्रातील या लघुउद्योगाने १९९० मध्ये घेतलेल्या मोठ्या यंत्राविषयी तक्रार केली होती. ती खरेदी व्यापारी प्रयोजनाची ठरल्याने त्यास दाद मिळाली नाही. परंतु उपजीविकेसाठी लेथ मशीन घेऊन ते स्वतः चालविणारा मनुष्य ग्राहक ठरतो, आणि मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून त्याचा हा हक्क जात नाही, असे न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केले. जे लेथ मशीनला लागू, ते सुताराच्या ड्रिल मशीनलाही लागू होय.

हमीपत्रातील अटी

ग्राहक असणे आणि हमीस पात्र असणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. काही हमीपत्रांत घरगुती व व्यावसायिक वापरासाठी मुदत वेगवेगळी असते. कार्बन ब्रशसारखे झिजणारे भाग सामान्यतः हमीत येत नाहीत. अनधिकृत ठिकाणी यंत्र उघडले, तर हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. म्हणून मशीन बंद पडताच ओळखीच्या मिस्त्रीकडून ते खोलून घेण्याचा मोह टाळावा. हमीपत्र खरेदीच्या वेळीच वाचावे व त्यावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यावी.

बिलाचे महत्त्व तर सर्वाधिक. थोडी रक्कम वाचविण्यासाठी बिलाविना खरेदी केली जाते आणि पुढे तीच महागात पडते. बिल न देणे ही २०१९ च्या कायद्यान्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दाद मागण्याचा क्रम

मशीन सेवा केंद्रात देताना त्याचा अनुक्रमांक, बिघाडाचे वर्णन व तारीख असलेली पोच घ्यावी. दुरुस्ती नाकारल्यास त्याचे कारण लेखी मागावे. ‘जास्त भार दिल्याने आर्मेचर जळाले’ असे तोंडी उत्तर स्वीकारून परतू नये. त्यानंतर दुकानदार व उत्पादक या दोघांनाही मुदत देऊन लेखी कळवावे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदविता येते.

एवढ्याने निवारण न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी असा आयोग आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करण्याची सोय नव्या कायद्याने दिली आहे. त्यामुळे देगलूरच्या कारागिराने हैदराबादेत मशीन घेतले असले, तरी त्यास नांदेडला दाद मागता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील देणेही सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. दोषाविषयी वाद असल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीस पाठवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, बदली वस्तू, किंमत परत किंवा नुकसानभरपाई असा आदेश देता येतो.

ग्रामपंचायतीचा वाटा

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कारागिरास १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी साहाय्य ठेवण्यात आले असून अर्जांची पहिली पडताळणी गावपातळीवर होते. त्याच वेळी सरपंच व सदस्यांनी बिल आणि हमीपत्र जपून ठेवण्यास कारागिरास सांगावे. शिक्षकांनी तक्रारीचा एक साधा नमुना विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतल्यास तो घरोघरी पोहोचेल. अवजार हे कारागिराचे दुसरे हात आहेत. ते बिघडले असता त्याला हताश होऊन घरी बसावे लागू नये, एवढी तरतूद कायद्यात आहे. तिचा लाभ मात्र ज्याच्यापाशी कागद आहे त्यालाच सुलभतेने मिळतो.