सडात ट्यूब भरण्याआधी

दुभत्या जनावराला अँटिबायोटिक द्यायची वेळ येते ती बहुतेकदा कासदाहामुळे. इंदूरकडचे गवळी त्याला थनैला म्हणतात. मेडिकलमधून ट्यूब आणायची, सडात भरायची आणि सूज उतरली की थांबायचे, हा नेहमीचा रिवाज. अशा अर्धवट कोर्समध्ये चिवट जंतू तेवढे मागे उरतात आणि पुढच्या खेपेला तीच ट्यूब लागू पडत नाही. जुलै 2019 मध्ये मध्य प्रदेशाने औषधाला दाद न देणाऱ्या अशा जंतूंविरुद्ध राज्याचा कृती आराखडा आणला. त्याच महिन्यात केंद्राने दूध-मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक देण्यावर बंदी घातली. पण औषधाची खरी बचत होते ती रोज धार काढताना.

1. जागा कोरडी ठेवा. माळव्याच्या काळ्या मातीचा पावसाळ्यात नुसता चिखल होतो आणि जनावर त्यातच बसते. गोठ्याला उतार द्या, शेण दिवसातून दोनदा उचला, बसायच्या जागी कोरडा भुसा किंवा चुन्याची फक्की टाका.

2. पहिल्या धारा तपासा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर किंवा काळ्या वाटीत घ्या, जमिनीवर सोडू नका. काळ्यावर दुधातल्या बारीक गुठळ्या लगेच उठून दिसतात.

3. हात, सड, क्रम. हात साबणाने धुवा. सड धुऊन कोरडे पुसा, प्रत्येक जनावराला वेगळे फडके घ्या. निरोगी जनावरे आधी पिळा, आजारी सगळ्यांत शेवटी.

4. धारेनंतर सड बुडवा. ग्लिसरीन घातलेल्या पोव्हिडोन आयोडिनच्या द्रावणात प्रत्येक सड बुडवा. धार काढल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे असते. तेवढा वेळ जनावर उभे राहावे म्हणून वैरण याच वेळी टाका.

5. महिन्यातून एकदा सीएमटी (कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट) करा. चार खणांच्या ताटलीत चारही सडांचे दूध वेगवेगळे घ्या, तेवढेच सीएमटीचे द्रावण घाला आणि ताटली हळू फिरवा. एखाद्या खणातले दूध शेंबडासारखे घट्ट झाले, तर वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या सडात आजार मुरतो आहे.

6. सौम्य सूज असेल तर. ताप नाही, चारा नीट खाते आहे, अशा जनावरासाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ एक लेप सुचवते: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम. हे वाटून घ्या. कास पूर्ण पिळून धुवा, मग मूठभर लगदा पाण्यात कालवून दिवसातून अनेकदा लावा. किमान 5 दिवस लावा आणि धारेआधी धुऊन टाका. दोन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना बोलवा.

7. ताप, दगडासारखी कास किंवा रक्ताळलेले दूध दिसले तर वाट पाहू नका. 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा. ट्यूब भरण्याआधी निर्जंतुक बाटलीत दुधाचा नमुना घ्या, बर्फात ठेवा आणि डॉक्टरांमार्फत तपासणीला द्या. कोणते औषध लागू पडेल ते त्यातून कळते. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरहून जेमतेम 25 किलोमीटरवर आहे, तिथेही चौकशी करा. कोर्स सुरू केला की पुरा करा.

8. दूध बाजूला काढा. औषधाच्या लेबलावर विथड्रॉवल पिरियड, म्हणजे शेवटच्या डोसनंतर दूध-मांस न वापरण्याचा काळ, छापणे 2012 पासून बंधनकारक आहे. औषधासाठी तो ठरवलेला नसेल, तर शेवटच्या डोसनंतर दुधासाठी किमान 7 आणि मांसासाठी 28 दिवस धरा. ट्यूब एकाच सडात भरली, तरी चारही सडांचे दूध बाद. ते वासरालाही पाजू नका. उकळल्याने औषधाचा अंश जाईल याची खात्री नाही. अशा दुधाला विरजणही नीट लागत नाही, म्हणजे फटका दहीवाल्यालाही बसतो.

9. आटवताना निवड करा. विण्याआधी साधारण 60 दिवस जनावर आटवतात. तेव्हा सरसकट सगळ्यांना ट्यूब नको. ज्यांना कासदाह होऊन गेला किंवा सीएमटीत दोष दिसला, त्यांनाच डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या.

10. लस चुकवू नका. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी. जनावर आजारीच पडले नाही, तर औषधाचा प्रश्नच येत नाही.

गोठ्यात एक वही टांगा: जनावर, सड, तारीख, औषध, दूध पुन्हा कधी सुरू केले. तीन महिन्यांनी ती चाळली की ट्यूब पुन्हापुन्हा कोणत्या जनावराला लागते ते कळेल. सुधारणेला तिथूनच हात घाला.