रोनाल्डोचा गुडघा : एक अभ्यास

खेळाडूंच्या चरित्रांत विजयांची वर्णने विपुल असतात. आजारपणाचे महिने मात्र बहुधा एका वाक्यात आटोपलेले असतात. 'दुखापतीमुळे तो दीड वर्ष खेळू शकला नाही,' एवढे वाचून आपण पुढच्या सामन्याकडे वळतो. त्या दीड वर्षात दुखावलेला अवयव कोणत्या क्रमाने सावरला आणि मैदानात परतण्याची वेळ कशी ठरली, हे प्रश्न तसेच राहून जातात. शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना तर याच प्रश्नांची उत्तरे अधिक उपयोगाची आहेत. कारण विश्वचषक थोड्यांच्या वाट्याला येतो, दुखावलेला पाय मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ब्राझीलच्या रोनाल्डोचे उदाहरण अभ्यासासाठी घेतले आहे. हे नाव ऐकताच अनेकांना पोर्तुगालचा क्रिस्तियानो आठवेल. आमच्या लेखाचा नायक त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा आहे.

रोनाल्डो लुईस नाझारियो दे लिमा याचा जन्म १९७६ साली रिओ दि जानेरो येथे झाला. १९९४ साली विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या चमूत तो वयाच्या सतराव्या वर्षी होता, जरी त्या स्पर्धेत त्याला एकही सामना खेळावयास मिळाला नाही. पुढे हॉलंडमधील आइंडहोवन येथे दोन वर्षे खेळून तो स्पेनमधील बार्सेलोना संघात गेला आणि १९९६-९७ च्या मोसमात ४९ सामन्यांत त्याने ४७ गोल केले. १९९७ मध्ये तो इटलीतील मिलान शहराच्या इंटर संघात दाखल झाला आणि त्याच वर्षी 'बालोन द'ऑर' हा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. चेंडू पायाशी राखून पूर्ण वेगाने धावावयाचे आणि त्या वेगातच एका पायावर भार टाकून एकाएकी दिशा बदलावयाची, ही त्याच्या खेळाची खूण होती. प्रेक्षक ज्या कृतीने मुग्ध होत, त्याच कृतीत गुडघ्यावर मोठा ताण पडत असे. आइंडहोवन येथे असतानाच, १९९६ साली, त्याच्या उजव्या गुडघ्यावर एक शस्त्रक्रिया झाली होती.

हा ताण नेमका कोठे पडतो, हे प्रथम समजून घेऊ. मांडीच्या पुढील भागात चार स्नायूंचा एक बलवान समूह आहे. तो खाली गुडघ्याच्या वाटीला जोडलेला असतो आणि वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. या पट्ट्याला शास्त्रात कंडरा म्हणतात. विहिरीवरील रहाटाची कल्पना केल्यास ही रचना ध्यानात येईल : स्नायू हा ओढणारा माणूस, वाटी हे चाक आणि कंडरा हा दोर. पाय सरळ करणे, उडी मारणे, धावता धावता थांबणे या प्रत्येक क्रियेत या दोराला ओढ बसते. दोर तुटला, तर स्नायू कितीही बलवान असला तरी पाय जोराने सरळ करता येत नाही.

२१ नोव्हेंबर १९९९ रोजी लेच्चे संघाविरुद्धच्या सामन्यात रोनाल्डोच्या उजव्या गुडघ्याची ही कंडरा अंशतः फाटली. पॅरिस येथे शल्यविशारद झेरार सायाँ यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर पाच महिनेही पुरे झाले नव्हते, तोच १२ एप्रिल २००० रोजी रोम येथे लाझिओविरुद्ध इटालियन चषकाच्या अंतिम फेरीतील पहिल्या सामन्यात तो उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून उतरला. सुमारे सात मिनिटे झाली असतील. चेंडू घेऊन तो प्रतिपक्षाच्या बचावपटूला चकवू पाहत होता, एवढ्यात त्याचा उजवा पाय खाली दुमडला आणि गुडघा धरून तो कोसळला. कोणाचा धक्का लागला नव्हता, कोणी पाय घातला नव्हता. या खेपेस कंडरा पूर्णपणे तुटली होती. तेव्हा त्याचे वय तेवीस वर्षांचे होते.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. तो आणखी काही महिने थांबला असता, तर हा प्रसंग खात्रीने टळला असता, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. परंतु कंडरा कशी भरून येते हे पाहिले, म्हणजे परतण्याच्या घाईत कोणता धोका असतो ते कळते. कंडरेला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. त्यामुळे ती स्नायूपेक्षा सावकाश सांधते. आरंभी सूज येते, नंतर नवे तंतू तयार होतात. पण ते अस्ताव्यस्त, गवताच्या पेंढीसारखे पडलेले असतात. पुढे कित्येक महिने ते ओढीच्या दिशेने हळूहळू एका ओळीत लागतात आणि मग पट्ट्याला बळकटी येते. यासाठी त्याला बेताबेताने ताण द्यावा लागतो. म्हणून निव्वळ अंथरुणावर पडून राहणे हाही उपाय नव्हे. दरम्यान मांडीचा स्नायू वापराअभावी रोडावतो आणि दुसरा पाय नकळत अधिक भार उचलू लागतो. या सर्व क्रमात वेदना मात्र पुष्कळ आधीच कमी होते. 'आता दुखत नाही' आणि 'आता बरे झाले' या दोन वाक्यांमध्ये कित्येकदा महिन्यांचे अंतर असते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर रोनाल्डो २०००-०१ चा संपूर्ण मोसम मैदानाबाहेर राहिला. निल्टन पेट्रोने या व्यायामोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली गुडघा वाकविण्यापासून त्याने प्रारंभ केला. ज्याच्या वेगाची जगभर चर्चा होती, त्याला चालणे आणि धावणे पुन्हा पायरीपायरीने मिळवावे लागले. सप्टेंबर २००१ मध्ये तो स्पर्धेच्या सामन्यात पुन्हा दिसला. पण तेवढ्याने कथा संपली नाही. आता मांडीचे स्नायू वारंवार दुखावू लागले आणि तो कधी संघात, तर कधी संघाबाहेर, असा काळ गेला. त्या मोसमात इटालियन साखळी स्पर्धेत तो केवळ दहा सामने खेळला. मात्र त्यांत त्याने सात गोल केले.

२००२ चा विश्वचषक जवळ आला होता. ब्राझीलचे प्रशिक्षक लुईस फेलिपे स्कोलारी यांच्यावर रोमारियोला संघात घेण्याविषयी लोकांचा मोठा दबाव होता. त्यांनी रोमारियोला वगळले आणि फारसा सराव न मिळालेल्या रोनाल्डोवर विश्वास ठेवला. रोनाल्डोने सात सामन्यांत आठ गोल केले. केवळ इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात त्याचा गोल झाला नाही. ३० जून २००२ रोजी जपानमधील योकोहामा येथे ब्राझीलने जर्मनीचा २-० असा पराभव केला आणि ते दोन्ही गोल रोनाल्डोचे होते.

ते गोल अभ्यासण्याजोगे आहेत. पहिल्या गोलापूर्वी पायातून निसटलेला चेंडू त्याने स्वतःच झगडून परत मिळविला आणि रिव्हाल्डोकडे दिला. रिव्हाल्डोचा फटका गोलरक्षक ऑलिव्हर कान याच्या हातून सुटताच पुढे धावून त्याने तो जाळ्यात लोटला. दुसऱ्या वेळी क्लेबरसनने दिलेला चेंडू रिव्हाल्डोने चतुराईने पायांखालून जाऊ दिला आणि रोनाल्डोने तो नेमका कोपऱ्यात मारला. अर्ध्या मैदानातून एकट्याने घेतलेली धाव या दोहोंतही नव्हती. जे शरीर परत मिळाले, त्याला शोभेल असा खेळ त्याने घडविला होता. शरीराने मात्र आपली किंमत वसूल केलीच. २००८ साली त्याच्या डाव्या गुडघ्याची कंडरा तुटली; तरी २००९ मध्ये तो ब्राझीलमधील कोरिंथियन्स संघाकडून पुन्हा खेळला, आणि २०११ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती पत्करली.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेतील सामन्यांकडे या दृष्टीने पाहा. उद्या आंतरशालेय सामना आहे आणि घोटा सुजला आहे. नाव कमी होईल या भीतीने मुलगा मोजा वर ओढून सूज झाकतो. ही गोष्ट धाडसाची समजली जाते आणि दुखापत पुन्हा होण्याचे बीज बहुधा येथेच पेरले जाते. एकदा दुखावलेला भाग पुन्हा दुखावण्याचा संभव अधिक असतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. म्हणून क्रम पाळावा : प्रथम सूज उतरावी, सांधा पूर्ण वाकावा व सरळ व्हावा, मग दुखऱ्या पायाची शक्ती दुसऱ्याइतकी व्हावी, मग सरळ धावणे, त्यानंतर वळणे व थांबणे, पुढे संघाबरोबर सराव आणि सर्वांत शेवटी सामना, तोही आरंभी थोडा वेळ. एखाद्या पायरीवर दुखले किंवा सूज आली, तर एक पायरी खाली उतरावे आणि वैद्याचा सल्ला घ्यावा.

परंतु हा सारा धीर एकट्या दुखावलेल्या मुलाकडूनच अपेक्षिणे न्याय्य नाही. बरे होऊन आल्यावर संघात आपला विचार होईल, असा भरवसा त्याला असेल, तरच तो दुखणे मोकळेपणाने सांगेल. हा भरवसा देणे कर्णधाराच्या आणि क्रीडाशिक्षकांच्या हाती आहे. येत्या हंगामात संघाची यादी फळ्यावर लागेल, तेव्हा बाहेर बसलेल्या खेळाडूंची नावेही तिच्या खाली लिहिली जावीत आणि सरावाच्या वेळी त्यांना मैदानाच्या कडेला बोलावले जावे, एवढी आमची सूचना आहे.