कॅमेऱ्यावर टिकली, पण माइकचं काय?

लेकीच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी माझी एक टिकली चिकटवली होती आणि निर्धास्त झाले होते. एके दिवशी तिचा ऑनलाइन तास चालू असताना, सासूबाईंच्या ऑपरेशनला पैसे कुठून आणायचे यावरून स्वयंपाकघरात आम्हा दोघांचं वाजलं. लेक ताडकन उठून आली. "आई, माइक चालू आहे गं, सगळ्यांना ऐकू जातंय!" तिचा तो रडवेला चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

कॅमेऱ्याशेजारची माइकची सुईच्या टोकाएवढी भोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. तिथे टिकली लावून भागत नाही, आवाज तरीही आत जातोच. सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला माइकची परवानगी आहे ते बघावं लागतं. आम्ही बघितलं, तर चित्रं रंगवायच्या गेमलाही होती! नव्या मोबाइलवर माइक चालू झाला की वर हिरवा किंवा नारिंगी ठिपका दिसतो. तो मुलांना आजच दाखवून ठेवा.

नेटला जोडलेली बोलकी खेळणी घेताना तर दहादा विचार करा. जर्मनीत २०१७ साली 'माय फ्रेंड केयला' या बाहुलीवर बंदी आली. तिचं ब्लूटूथ कसलाही पिन न विचारता जोडलं जायचं, त्यामुळे घराबाहेरच्या माणसालाही मुलाचं बोलणं ऐकता आलं असतं. सरकारने तिला छुपं हेरगिरीचं साधन ठरवलं आणि आईवडिलांना ती मोडून टाकायला सांगितलं.

मला जास्त लागली ती तिथली त्याच वर्षीची दुसरी बंदी. ती होती गुपचूप ऐकण्याची सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर. ऐकणारं तिथे कुणी परकं नव्हतं. आईवडीलच ॲपवरून घड्याळाचा माइक चालू करून वर्गात बाई काय बोलतात ते ऐकत होते.

त्यांची काळजी मला कळते. लेक क्लासला जायला लागली तेव्हा असलं घड्याळ घ्यायचं माझ्याही मनात आलं होतं. पण ती मैत्रिणीपाशी मन मोकळं करते, ते मी चोरून ऐकलं असतं तर उद्या माझ्यापाशी कशाला बोलली असती? मी घड्याळ घेतलं नाही.

आता तास संपला की ती स्वतः माइक बंद करते आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगते, "बोला आता."