अडीच तिकिटांत पाच माणसं

प्रश्न : सातवीच्या मुलांना शेकडेवारी सूत्रापुरतीच येते. सहलीचं अंदाजपत्रक करायला लावलं तर उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण आकडे तुम्ही पुरवू नका, एसटी स्थानकावर मुलांनीच विचारावेत. समजा, पूर्ण तिकीट २०० रुपये. बाबा, आई, १३ वर्षांची ताई, ९ वर्षांचा धाकटा, ७६ वर्षांची आजी. महिलांना २०२३ पासून ५० टक्के सवलत, लहानग्याचं अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेली आजी मोफत. झाले ५०० रुपये. आता विचारा : बाबा आलेच नाहीत तर खर्च किती टक्क्यांनी घटेल? पाचांतला एक गेला म्हणून बरेच जण ‘वीस’ म्हणतील. खरं उत्तर चाळीस! या चुकीवर खुशाल अख्खा तास घालवा. जेवणखाणाचा हिशेब उद्या.