चाकांवरचे बिऱ्हाड

जून महिन्याचा आरंभ. इंग्लंडच्या उत्तर भागात वेन्स्लीडेल नावाचे एक रुंद, हिरवेगार खोरे आहे. त्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला हॉज हे लहानसे बाजारगाव वसले आहे. आज मंगळवार, म्हणजे हॉजच्या बाजाराचा दिवस. परंतु पहाटेपासून पाऊस लागून राहिला आहे. आपल्याकडील मृगाच्या सरींप्रमाणे तो गर्जत कोसळत नाही. तो बारीक, थंड आणि चिवट असतो; कित्येक तास एकाच लयीत पडत राहतो. विक्रेत्यांनी आपापल्या मालावर मेणकापडे ओढून घेतली आहेत. गिऱ्हाइके छत्र्या सावरीत, अंग चोरून चालली आहेत.

इतक्यात ओल्या रस्त्यावर नालांचा खणखणीत आवाज येतो. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक भक्कम घोडा वळणावरून पुढे येतो. त्याच्या खुरांवर केसांचे दाट झुबके आहेत आणि ते चिखलाने माखले आहेत. त्याच्यामागे चार चाकांची, हिरव्या कापडाच्या कमानदार छपराची एक गाडी आहे. गाडीच्या लाकडावर लाल-पिवळी वेलबुट्टी काढलेली असून छपरातून वर आलेल्या धुराड्यातून धूर निघत आहे. धावणाऱ्या गाडीत चूल पेटलेली पाहून परक्या माणसाला आश्चर्य वाटेल. हॉजच्या लोकांना मात्र हे दृश्य दरवर्षीचे आहे. ते म्हणतात, "ॲपलबीची जत्रा जवळ आली!"

ॲपलबी हे ईडन नदीच्या वळणात वसलेले गाव हॉजपासून सुमारे अठ्ठावीस मैलांवर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे दरवर्षी जूनच्या आरंभी घोड्यांची मोठी जत्रा भरते. मात्र रोगाच्या साथीमुळे २०२० साली ती भरू शकली नाही. या जत्रेला ब्रिटनमधील रोमानी लोक आणि आयर्लंडकडील फिरस्ते दूरदूरच्या परगण्यांतून येतात. आता बहुतेक जण मोटारीमागे घरगाडी जोडून येतात. पुष्कळ जण तर वर्षभर विटामातीच्या घरांतच राहतात. तरीही काही कुटुंबे जुन्या रीतीने घोडा जुंपून, दोन-तीन आठवडे आधी निघतात. त्यांपैकी एखाद्या कुटुंबाबरोबर मनाने दोन दिवस चालून पाहावे.

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो. या लोकांचे बिऱ्हाड चाकांवर असते. गाडीची लांबी एखाद्या लहान खोलीइतकीच; पण तीत एक वीतभर जागाही वाया गेलेली नसते. मागच्या बाजूला आडवा पलंग, त्याखाली मुलांची निजण्याची जागा, एका अंगाला बसण्याची पेटी आणि तिच्यात कपडे. दार पुढे, घोड्याच्या बाजूला. दारातून आत शिरताच डाव्या हाताला बिडाची शेगडी असते. ती नेहमी त्याच बाजूला का? आपल्याप्रमाणेच इंग्लंडमध्येही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. साहजिकच कडेच्या झाडांच्या फांद्या गाडीच्या डाव्या अंगाला घासतात. आत शिरणाऱ्या माणसाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला असते. म्हणून त्याचा डावा हात ही चालत्या गाडीची उजवी बाजू ठरते. धुराडे त्या बाजूला असले, की फांद्यांपासून सुरक्षित राहते. असल्या बारीकसारीक गोष्टी कोणा पुस्तकी कारागिराने शोधल्या नाहीत. त्या रस्त्यावरच्या अनुभवातून आल्या आहेत.

हॉज सोडल्यावर रस्ता हळूहळू चढू लागतो. डोंगर उघडेबोडके, मेंढ्या आणि दगडी गडगे यांखेरीज नजरेत काही भरत नाही. वारा वाढतो आणि पाऊस तिरका येऊ लागतो. चढ लागला की गाडीतील सारी माणसे खाली उतरतात. आजी तेवढी दारात बसून राहते. बाकीचे ओल्या रस्त्याने पायी चालतात. घोड्यावरचा भार तेवढाच कमी होतो. मागच्या चाकामागे साखळीने अडकवलेला एक लाकडी रूळ असतो. घोडा दम खाण्यासाठी थांबला, की चाक मागे सरकून त्या रुळावर टेकते आणि गाडी घरंगळत नाही. उताराला याच्या उलट युक्ती. चाकाखाली लोखंडी बूट सरकवतात. मग चाक फिरत नाही, घसटत जाते आणि गाडी घोड्याच्या अंगावर येत नाही. कोरड्या रस्त्यावर हे सोपे असते. ओल्या रस्त्यावर घोड्याचा एक पाय घसरला, तर माणसांचे, जनावराचे आणि घराचेही एकदमच नुकसान व्हायचे. म्हणून अशा वेळी कुटुंबातला कर्ता माणूस लगाम तोंडाजवळ धरून घोड्याच्या बरोबरीने चालतो आणि त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत राहतो.

या चढाच्या माथ्यावर भूगोलाची एक मौज आहे. तेथे एकाच डोंगररांगेवर दोन नद्यांचे उगम अगदी जवळजवळ आहेत. यूर नदी वेन्स्लीडेलमधून पूर्वेकडे, उत्तर समुद्राच्या दिशेने जाते. ईडन उत्तरेकडे वळून ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॉल्वे खाडीला मिळते. पावसाचा एक थेंब कोठे पडला, यावरून तो कोणत्या समुद्राला जाणार ते ठरते. इथून पुढे गाडीची वाट ईडनच्या सोबतीने उतरते. डाव्या हाताला सेटल ते कार्लाइल हा जुना लोहमार्ग जातो. सुमारे १,१७० फूट उंचीवरची तेथील खिंड आगगाडी काही मिनिटांत ओलांडते; घोड्याला त्यासाठी अर्धा दिवस लागतो.

संध्याकाळ होते, पण त्या देशी जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. मुक्कामाला जागा पाहिजे. पूर्वी रस्त्याच्या कडेची रुंद गवताळ पट्टी हाच या लोकांचा तळ असे. आता पुष्कळ ठिकाणी तेथे चर खणलेले किंवा मोठे धोंडे टाकलेले आढळतात. कोणी गाडी उभी करू नये एवढ्याचसाठी. दोन जागा सोडून तिसरी मिळते. गाडी थांबताच पहिले काम घोड्याचे. त्याचा साज उतरवायचा, मानेवर कातडी पट्ट्याने कोठे सोलले आहे का ते पाहायचे, पायांचा चिखल काढून ते कोरडे करायचे. ओला चिखल केसांत राहिला, तर कातडीला जखमा होतात. मग त्याला लांब दोराने चरायला बांधतात. वाऱ्याकडे पाठ करून तो मुकाट्याने उभा राहतो. माणसांचा चहा त्यानंतर.

मुले भिजून गाडीत येतात. पावसाचे थेंब छपरावर तडतडत असतात. एखादे लहान मूल कुतूहलाने आतून छपराला बोट लावू पाहते आणि आजी त्याचा हात चटकन मागे ओढते. तिच्या रागावण्याला कारण आहे. जाड सुती कापड भिजले, की त्याचे धागे फुगून विणीतील भोके बुजतात आणि पाणी बाहेरच्या बाजूने ओघळून जाते. आतून बोट टेकले, की मात्र पाणी त्या ठिकाणी आत ओढले जाते आणि रात्रभर थेंब थेंब गळत राहते. तो थेंब नेमका कोणाच्या तरी अंथरुणावर पडायचा!

पावसाला आजी 'ब्रिशिन' म्हणते. तिचे बाकीचे बोलणे इंग्रजी आहे. पण त्यात मधूनमधून असे शब्द येतात. किटलीत पाणी भरायला सांगताना ती पाण्याला 'पानी' म्हणते. कानाला 'कान', नाकाला 'नाक', सुरीला 'चुरी', जिभेला 'चिब'. तिचे आकडे 'येक', 'दुई' असे सुरू होतात. हे शब्द हॉजच्या बाजारात कोणाला समजणार नाहीत. मराठी मुलांना मात्र ते ऐकताच ओळखू येतील. 'ब्रिशिन' हा शब्ददेखील आपल्या 'वर्षा' आणि 'वृष्टी' यांच्या कुळातला आहे.

याचा उलगडा १७८२ साली योहान रूडिगर या जर्मन विद्वानाने केला. त्याने एका रोमानी स्त्रीकडून काही वाक्ये तिच्या भाषेत करून घेतली आणि हिंदुस्थानी भाषेच्या व्याकरणाशी ताडून पाहिली. दोन्ही भाषांचे मूळ एकच असल्याचे त्याला आढळले. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी या लोकांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले, असे आज भाषाशास्त्रज्ञ मानतात. अलीकडील आनुवंशिक संशोधनही तेच सांगते. ते कोणत्या वाटेने गेले, याचा माग त्यांच्या शब्दांतच सापडतो. घोड्याला ते 'ग्राय' म्हणतात. हा शब्द आर्मेनियाकडचा. रस्ता तो 'द्रोम', हा ग्रीक. गाडीचे नाव 'वर्दो'; ते कॉकेशस पर्वताकडील ओसेटी भाषेतून आल्याचे मानतात. पाणी आणि पाऊस घरून नेले. घोडा, गाडी आणि रस्ता वाटेत मिळाले!

सोळाव्या शतकाच्या आरंभी ते ब्रिटनमध्ये पोचले. लोकांना वाटले, हे इजिप्तहून आले असावेत. 'जिप्सी' हे नाव त्या गैरसमजुतीतून पडले. स्वागत मात्र कठोर झाले. १५३० साली त्यांना देशाबाहेर घालवण्याचा कायदा झाला. १५५४ च्या कायद्याने तर देशात राहणाऱ्या जिप्सीला मृत्युदंड ठरवला. तरी ते राहिले. शेतावर हंगामी कामे करावी, लाकडी चिमटे विकावे, सुऱ्यांना धार लावावी, घोड्यांचा व्यापार करावा आणि पुढच्या गावी जावे, असे त्यांचे जीवन होते. प्रथम ते तंबूत राहत. घोड्याच्या घरगाड्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आल्या. माणूस वारला, की त्याची गाडी जाळून टाकण्याची त्यांच्यात चाल होती. एवढी रंगवलेली, नक्षीदार गाडी डोळ्यांदेखत राख होई.

याच गाड्या पाहून निवृत्त नौदल-शल्यवैद्य गॉर्डन स्टेबल्स यांना मोह पडला. त्यांनी हौसेसाठी 'वाँडरर', म्हणजे 'भटक्या' नावाची घरगाडी बांधवून घेतली आणि १८८५ साली दोन घोडे जुंपून दक्षिण इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडमधील इनव्हर्नेसपर्यंत प्रवास केला. त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन मुक्कामाची जागा शोधी. या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. पुढे १९०७ साली अशा हौशी प्रवाशांचे मंडळही स्थापन झाले. हौसेने रस्त्यावर राहणाऱ्याचे कौतुक झाले. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याच्या वाट्याला मात्र संशय आला. १९६८ च्या कायद्याने जिप्सींसाठी तळ राखून ठेवण्याचे कर्तव्य तेथील स्थानिक मंडळांवर टाकले होते. १९९४ साली ते काढून घेण्यात आले. २०११ च्या खानेसुमारीत इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांना प्रथमच स्वतंत्र रकाना मिळाला. तोवर खानेसुमारीत ते वेगळे मोजलेही जात नव्हते.

दुसऱ्या दिवशीही पाऊस आहेच. पण वाट उताराची आहे. मॅलरस्टँगच्या अरुंद खोऱ्यातून, पेंड्रॅगन किल्ल्याच्या पडक्या भिंतींजवळून गाडी कर्बी स्टीफन गावात येते. तेथे पाव, साखर आणि कोरडी लाकडे घ्यायची असतात. काही दुकानदार जत्रेच्या दिवसांत दारे लावून घेतात. काहीजण मात्र नेहमीच्या गिऱ्हाइकाप्रमाणे विचारपूस करतात. "वाटेत फार भिजलात का?" एवढा साधा प्रश्नही त्या मुलांना लक्षात राहतो. घोड्याला पाहायला गावातली पोरे जमतात आणि दोन्हीकडची मुले पाच मिनिटांत एकमेकांशी बोलू लागतात.

शेवटचे बारा मैल. ॲपलबीच्या टेकडीवर शेकडो गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात; ओल्या लाकडांचा धूर, भिजलेली कुत्री, चिखलात उमटलेले असंख्य नाल. वर्षभर न भेटलेले नातलग एकमेकांना हाका मारीत असतात. कोणाचे लग्न ठरले, कोणाच्या घरी मूल झाले, कोणाचा म्हातारा गेला, हे सारे येथेच कळते. घोड्यांचा सौदा तळहातावर टाळी देऊन पक्का होतो.

विकण्यापूर्वी घोडे ईडन नदीत धुण्याचा प्रघात आहे. नदीला पूर असेल, तर पाण्यात उतरण्याची वाट बंद ठेवतात. म्हणून दोन दिवसांच्या पावसानंतर सर्वांचे डोळे पाण्याकडे लागलेले असतात. ते आज ओसरले आहे. वाट उघडते. वाटभर घोड्याबरोबर चाललेला अकरा-बारा वर्षांचा मुलगा खोगिराशिवाय त्याच्या पाठीवर बसतो आणि त्याला पाण्यात घालतो. भांडी घासण्याच्या साबणाने तो त्याचे केस चोळतो. काळ्या-पांढऱ्या अंगावरून सारा चिखल वाहून जातो. घोडा जोराने मान झाडतो आणि काठावरची माणसे भिजून हसतात. तेवढ्यात पुन्हा बारीक थेंब पडू लागतात. पुलाजवळ उभी असलेली आजी डोक्यावरून शाल ओढून घेते आणि आपल्याशीच म्हणते, "ब्रिशिन."