लेक नेली, वही राहिली

टेमघरच्या घाटात लेकीला दुसऱ्यांदा उलटी झाली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. कोथरूडला दहाची वेळ मिळालेली. बायकोने रस्त्याकडेला तिचं तोंड धुतलं, फ्रॉक बदलला, आल्याची वडी हातात दिली. मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "चला, चला, उशीर होतोय." त्या दिवशी तिची बुद्धिमत्ता चाचणी होती. तीन तासांची. पोटात अन्नाचा कण नसलेल्या, घाटाने पिळून काढलेल्या सात वर्षांच्या मुलीची.

ही चूक आमच्या दोन चुकांपैकी दुसरी. पण पहिलीपासून सांगतो.

मी लवासात, दासव्याला, एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात काम करतो. शनिवार-रविवारी तुम्ही येता, तळ्याकाठच्या रंगीत इमारतींसमोर फोटो काढता आणि संध्याकाळी परत जाता. आम्ही इथेच राहतो. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने या नियोजित शहराचं काम थांबवायला लावलं, २०१८मध्ये ते बांधणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि नकाशातलं बरंचसं शहर नकाशातच राहिलं. भाडं परवडतं, हवा उत्तम, पण विशेषज्ञ डॉक्टर हवा असेल तर घाट उतरून पुणं गाठावं लागतं. पावसाळ्यात घाटात दरड आली की तेही नाही.

लेक सगळ्यांच्या मते गुणी. कुणाला त्रास नाही, आरडाओरडा नाही. मात्र चार बेरजांना दीड तास लागायचा. दप्तर भरायला बसली की अर्ध्या तासाने दप्तर तसंच आणि ती खिडकीतून तळ्याकडे बघत बसलेली. पाण्याच्या बाटल्या हरवायच्या, डबा शाळेत राहायचा, एका पायात चप्पल घालून दारात उभी राहायची. तीन कामं सांगितली तर पहिलं व्हायचं, दुसरं अर्धं, तिसरं हवेत. शाळेतून एकच शेरा यायचा : हुशार आहे, पण लक्ष नसतं.

एडीएचडी, म्हणजे अवधान न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, हा शब्द आम्हाला माहीत होता. पण आमच्या डोक्यातलं चित्र म्हणजे सोफ्यावरून उड्या मारणारा, पायाला भिंगरी लावलेला मुलगा. शेजारच्या काकूंनी 'तारे जमीन पर'ची आठवण काढली. तो चित्रपट डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचा. आमची लेक तर घडाघडा वाचत होती. म्हणजे काहीच नाही, असं आम्हीच ठरवून टाकलं.

पहिली चूक : 'ठीक'

तरी शाळेच्या आग्रहाने एका डॉक्टरांकडे गेलो. लेक खुर्चीत गुपचूप बसली, विचारलं तेवढं गोड बोलली. नवी जागा, नवा माणूस, समोरासमोरची वीस मिनिटं. अशा वेळी अशी मुलं अनेकदा नीट वागतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत कशी आहे, बाबा?" मी म्हणालो, "ठीक." "घरी?" "जरा विसराळू आहे." त्यांनी मोबाईल कमी करा, बदाम द्या, असं सांगितलं. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकून वाटेत मिसळ खाल्ली. वर्ष गेलं. त्या वर्षात ती स्वतःला 'मी ढ आहे' म्हणायला शिकली.

दुसरी चूक : घाईची चाचणी

मग घाबरून एका केंद्रात थेट चाचण्यांसाठी नाव घातलं. घाटातली सकाळ ती हीच. वाटेत काय झालं हे तिथे कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. तेवढ्यासाठी वेळ पुढे ढकलायची म्हणजे पुन्हा रजा, पुन्हा घाट. अहवालात तिची बुद्धिमत्ता सरासरीच्या बरीच खाली आली. त्यासोबत चाळीस थेरपी सत्रांचं पॅकेज हातात पडलं, आगाऊ पैसे भरल्यास सवलत.

ती सत्रं आम्ही घेतली नाहीत. पण तो आकडा पुसताही येईना. तीच चाचणी लगेच पुन्हा घेतली तर प्रश्न ओळखीचे झालेले असतात आणि निकाल भरवशाचा राहत नाही, म्हणून मधे पुरेसा काळ जावा लागतो. एका सकाळच्या घाईने असे आणखी काही महिने खाल्ले.

३०४ नंबरची खोली

डोळे उघडले ते हॉटेलात. ३०४च्या पाहुण्याची तक्रार आली की रात्रभर एसी बंद होता. मी लॉगबुक काढलं. आधीच्या शिफ्टने लिहिलं होतं : '३०४ – ठीक.' मॅनेजर भडकले. "ठीक म्हणजे काय? किती वाजता बघितलं, कुणी बघितलं, काय केलं, ते लिहा. एका शिफ्टच्या शब्दावर मी पाहुण्याला काय उत्तर देऊ?"

मला कानकोंडं झालं. डॉक्टरांसमोर मीही 'ठीक'च म्हणालो होतो. दोन्ही वेळा लेकीला नेलं, पण तिचे दिवस घरीच ठेवून गेलो. डॉक्टरला वीस मिनिटांत दिसत नाही ते दाखवायचं काम आमचं होतं.

त्या रात्री दोनशे पानी वही काढली आणि हॉटेलच्या पद्धतीने लिहायला लागलो. मत नाही, घटना. 'आळशी आहे' असं लिहायचं नाही. 'सोमवार, साडेपाच. दहा ओळींचं शुद्धलेखन. उठली चार वेळा. लागला वेळ एक तास दहा मिनिटं. मी शेजारी बसल्यावर वीस मिनिटांत संपलं.' चांगलं काय झालं तेही लिहायचं : चित्र काढताना पाऊण तास जागची हलली नाही. बायको वेगळ्या पानावर लिहायची, माझं न वाचता. वर्गशिक्षिकांना हात जोडून विनंती केली आणि त्यांनीही महिनाभर आठवड्याला चार ओळी दिल्या.

तिसरी खेप

या वेळी मुलांच्या विकासाचे विशेषज्ञ असलेल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. आदल्या संध्याकाळीच घाट उतरलो आणि वारज्याला मावशीकडे मुक्काम केला. डॉक्टरांनी वही पंधरा मिनिटं वाचली, मग प्रश्न सुरू झाले. गरोदरपण कसं गेलं, दिवस भरले होते का, बोलायला कधी लागली, घोरते का, झोप किती, घरात अलीकडे काही दुःखद घडलं का. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, तुम्ही शाळेत कसे होता?" मी उत्तर देण्याआधी बायको हसली. माझी तीन पाकिटं, दोन हेल्मेटं आणि लग्नातली अंगठी कुठे गेली ते तिलाच ठाऊक. हा त्रास घराण्यात चालतो, हे त्या दिवशी कळलं.

निदान लगेच मिळालं नाही. आधी डोळे आणि कान तपासायला सांगितले, रक्तात हिमोग्लोबिन आणि थायरॉईड. डोळ्यांना नंबर निघाला! फळ्यावरचं तिला दिसतच नव्हतं. चष्मा लावून तीन महिने थांबलो. फळ्यावरचं उतरवणं सुधारलं. हरवणं, विसरणं, अर्धं सोडणं जिथल्या तिथे राहिलं. मग शाळेने आणि आम्ही वेगवेगळ्या भरलेल्या प्रश्नावल्या आणि पुरेशा अंतराने नीट झोपलेल्या, नीट खाल्लेल्या मुलीची पुन्हा घेतलेली चाचणी समोर आली. बुद्धिमत्ता चांगली सरासरीची होती. निदान : एडीएचडी, प्रामुख्याने अवधानाच्या अडचणीचा प्रकार. उड्या नसलेला. एडीएचडी असलेल्या मुलींमध्ये तो तुलनेने जास्त आढळतो आणि कुणाला त्रास देत नाही म्हणून नजरेतून निसटतोही जास्त.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

एडीएचडी ओळखणारी रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. ईईजी लागतो तो फिटची शंका असेल तर. निदान उभं राहतं ते माहितीवर. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३च्या निकषांनुसार अवधानाच्या नऊ आणि अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी कोणत्याही एका गटातली किमान सहा लक्षणं, किमान सहा महिने, वयाला न शोभणाऱ्या प्रमाणात असावी लागतात. काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात. ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांनी मुलाचं काही अडलेलं असावं. फक्त घरी पळणारं किंवा फक्त एकाच बाईंच्या तासाला भरकटणारं मूल या चौकटीत बसत नाही. मग कारण दुसरीकडे शोधायचं.

चाचण्या घेणारे मानसशास्त्रज्ञ वेगळे, निदान करून औषध लिहिणारे डॉक्टर वेगळे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. बुद्धिमत्तेसाठी आपल्याकडे बिने-कामत किंवा मालिन यांची चाचणी सर्रास घेतात. कामतांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, तर डॉ. मालिन यांनी नागपुरात काम करताना भारतीय मुलांसाठी वेक्सलरची चाचणी बेतली. या चाचणीवरून एडीएचडी ठरत नाही. अडचण बुद्धीची आहे, शिकण्यातली आहे की अवधानाची, हे वेगळं करायला ती मदत करते. म्हणून घरी तिचा सराव करून घेऊ नका. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत ती घ्यायला सांगा. इंग्रजी शाळेतल्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचं नुकसान इथे होतं.

सोबत न्यायची फाईल अशी : किमान महिनाभराची वही, शिक्षकांच्या ओळी, आतापर्यंतची प्रगतिपुस्तकं, दोन-तीन जुन्या वह्या (खाडाखोड असलेल्याच), जन्माचे कागद, लसीकरणाचं कार्ड, चष्म्याचा आणि कानाचा रिपोर्ट. दूरवरून येत असाल तर आदल्या दिवशीच पोहोचा. मूल आजारी असेल, गाडी लागली असेल, रात्री झोपलं नसेल, तर स्वागतकक्षातच सांगा आणि तारीख बदलून घ्या. फुकट गेलेल्या खेपेपेक्षा चुकीचा अहवाल महाग पडतो.

पैशांची अडचण असेल तर तेवढ्यासाठी थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून आहे. त्याचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा येतं. तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आणि शिकण्यातल्या अडचणी आहेत, आणि पथक पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. पथक येण्याआधी वर्गशिक्षिकेला मुलाचं नाव सांगून ठेवा. नाहीतर गप्प बसणारं मूल तिथेही निसटेल. मन मोकळं करायला किंवा कुठे जावं हे विचारायला टेलि-मानसचा १४४१६ हा नि:शुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो. आमच्यासारख्या डोंगरातल्या माणसाला तो मोठा आधार आहे, रेंज असेल तेव्हा.

अहवालाचा उपयोगही नीट समजून घ्या. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे परीक्षेतल्या सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते सरकारने ठरवलेल्या केंद्रांतूनच मिळतं. हे दोन्ही त्रास पुष्कळदा जोडीने असतात, म्हणून तेही तपासून घ्या.

निदानानंतर

सुरुवात आमच्याच शिकवणीने झाली. एका वेळी एकच सूचना. दप्तराची चित्रांची यादी दारावर. पंधरा मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं तळ्याकाठी धाव. शाळेत जागा पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब. सहा वर्षांखालच्या मुलांत तर औषधाआधी पालकांचं हेच प्रशिक्षण करायला सांगतात. लेक आठची झाल्यावर छोट्या मात्रेत मिथाइलफेनिडेट सुरू झालं. हे औषध शेड्यूल एक्समधलं, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानदार ठेवून घेतो. आमच्याकडे ते मिळत नाही, म्हणून जूनमध्ये घाटाचा भरवसा संपण्याआधी मी गोळ्या मोजतो आणि पुढची भेट ठरवतो. भूक कमी होते, म्हणून पोटभर नाश्ता आधी, गोळी नंतर. वजन, उंची, नाडी, रक्तदाब दर भेटीला. मात्रा मनाने वाढवायची नाही, बंदही करायची नाही. या काळात बुद्धी वाढवणारी टॉनिकं आणि डोळे बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेनचे वर्ग तुमच्या दारात येतील. त्यांना चहा द्या आणि परत पाठवा.

चमत्कार झालेला नाही. बाटल्या अजून हरवतात, पण महिन्याला चारऐवजी एक. 'मी ढ आहे' हे वाक्य मात्र वहीत गेले पाच महिने आलेलं नाही.

वही अजून चालू आहे. परवा रात्रीची शिफ्ट होती म्हणून मी निघताना बायकोला म्हणालो, "आजची नोंद तू कर." सकाळी येऊन बघितलं तर तिच्या ओळींखाली वाकड्या अक्षरात लेकीने लिहिलेलं : 'रात्री नऊ. बाबा चावी विसरून गेले. आईने खिडकीतून फेकली. मी बघितलं.'

कधी, काय, कुणी बघितलं, सगळं आलं होतं. 'ठीक' कुठेच नव्हतं.